चोवीस तासांचा कॅन

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. तपासणीसाठी दिवसभराची लघवी साठवतात ना, तो जुना कॅन मी. माझ्याच साच्यातले भाऊ तेलाच्या दुकानात गेले, सरबताच्या कारखान्यात गेले. माझ्या वाट्याला ही सेवा आली. देवाने दिली, मी पत्करली. सेवेचं दुःख नाही हो, माणसांचं आहे!

माझं काम सोपं आहे. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची. तिथून दुसऱ्या दिवशीची पहिली धरून प्रत्येक वेळची माझ्यात ओतायची. बस. पण इतकी वर्षं झाली, एक घर धड ऐकेल तर शपथ!

मध्यंतरी मला एका आठ वर्षांच्या मुलीकडे नेलं. लाडाचं नाव टिकली. वर्षात दोनदा मूतखडा झालेला. कळ आली की पोरगी गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर गडबडा लोळायची. तिसरा खडा टाळायचा, तर लघवीतून कॅल्शियम किती जातं ते डॉक्टरांना कळायला हवं होतं.

आता ऐका पुढचा प्रकार. दुपारी आत्या आली. तिच्यासमोर मला कसं उचलायचं, या लाजेने टिकली दोनदा गुपचूप जाऊन आली. त्या दोन्ही वेळा मला थेंबही नाही! संध्याकाळी आजोबांनी मला हलवून पाहिलं.

"एवढीच? डॉक्टर पोरीला रागावतील," ते पुटपुटले. आणि मित्रांनो, त्या प्रेमळ गृहस्थांनी स्वतःची भर घातली. एकदा नव्हे, तीनदा! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

तपासणी झाल्यावर प्रयोगशाळेतल्या बाईंनी आकडे पाहिले आणि चष्मा वर सरकवला. "ही मुलगी आहे की पैलवान? खरं सांगा, यात आणखी कोणाची आहे?"

आई आजोबांकडे बघू लागली. आजोबा छताकडे.

"बाबा! तुम्ही?"

"अगं, कमी पडत होती..."

"आजोबा," बाई म्हणाल्या, "नातीवर खूप प्रेम करा, पण कॅनच्या बाहेर. या आकड्यांवर औषध दिलं असतं तर?"

आजोबांचे डोळे भरून आले. टिकलीनेही मग आपली चोरी कबूल केली.

पुन्हा पहिल्यापासून! या खेपेला पाहुणे बसले होते, तरी टिकली मला कवटाळून त्यांच्यामधून गेली. "सरका, माझी तपासणी चालू आहे!" आजोबा दाराबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. हात मांडीवर, अगदी शहाण्यासारखे.

या वेळी आकडा खरा आला. कॅल्शियम जास्तच जात होतं.

"मग दूध बंद करू?" आईने विचारलं.

"मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले. "मीठ कमी करा, त्यानेच कॅल्शियम लघवीतून जास्त जातं. खारट खाऊची पाकिटं बंद. आणि पाणी भरपूर."

"परत दुखणार नाही ना?" टिकलीचा आवाज बारीक झाला होता.

"एवढं पाळलंस तर शक्यता खूप कमी होईल, बेटा."

तिने तिथेच पेलाभर पाणी घटाघटा संपवलं.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. पाणी प्या. लघवी दाबून धरू नका. आणि कधी माझ्याशी गाठ पडलीच, तर एखादी वेळ चुकली म्हणून लपवू नका, सांगून टाका. मी पुन्हा धुतला जाईन, पुन्हा भरेन. मला काय त्याचं! खोट्या आकड्यावर दुखायचं मात्र तुमचंच पोट असतं.