तिसरा आकडा

बाबांचा कॉम्प्युटर सव्वाअकराला बंद पडला, साडेअकराला पडला आणि पावणेबाराला त्याने पुन्हा मान टाकली, तेव्हा आत्या म्हणाली, "अगं, हा काय घड्याळ बघून मरतो की काय?"

लेकीने मागच्या वायरी हलवून पाहिल्या. बाबा पुस्तकांच्या सूच्या करायचे. कुठला शब्द कुठल्या पानावर, एवढंच काम, चाळीस वर्षं. ते गेले तेव्हा शेवटच्या सूचीची पानं जुळवायची राहिली होती. जुळवणारा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला, फक्त याच मशीनवर चालणारा, आणि त्याला पंचवीस मिनिटं लागायची. मशीन पंधराच्या वर टिकत नव्हतं. संध्याकाळपर्यंत सूची गेली नाही तर प्रकाशक पुस्तक सूचीशिवायच छापणार होते.

"तापत असेल," ती म्हणाली. दोन महिने बाबांनाही तिने फोनवर हेच सांगितलं होतं. तापत असेल, जरा विश्रांती द्या त्याला.

आत्याने डब्यावर तळहात टेकला. "ताप कसला? गार आहे की गं!"

मशीन पुन्हा चालू करून तिने तापमानं मागवली. चौतीस. छत्तीस. एकशे सत्तावीस. तिचा हात प्लगकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. एकशे सत्तावीस अंश असते तर आत्याचा हात पोळला असता. मग हा तिसरा आकडा कुणाचा?

कुणाचाच नव्हता. बोर्डावर तिसऱ्या सेन्सरची जागा होती, सेन्सर नव्हता. सेन्सर वाचणारा छोटा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, रिकाम्या जागेतून मनाला येईल ते वाचत होता. आणि दर पाव तासाने तापमान बघून, एक जरी आकडा नव्वदच्या वर दिसला की मशीन बंद करणारा पहारेकरी प्रोग्रॅम? तो तिनेच पूर्वी बसवलेला. तेव्हा हा ड्रायव्हर नव्हता. आला कुठून?

सुरुवातीला कोणते ड्रायव्हर चढवायचे, त्याची फाइल तिने उघडली. सेन्सर शोधणाऱ्या प्रोग्रॅमने आपोआप एक ओळ घातली होती, वर तारीख. दोन महिन्यांपूर्वीचा मंगळवार.

त्या दिवशी बाबा फोनवर म्हणाले होते, पंखा फार ओरडतो. तिनेच तो प्रोग्रॅम चालवायला सांगितला, पंख्याचा वेग तरी दिसेल म्हणून.

"हा विचारतोय, तपासू का. मशीन अडकू शकतं म्हणतोय. काय सांगू गं?"

"सगळ्याला एंटर दाबा हो बाबा. मी मीटिंगमध्ये आहे."

तिने ती ओळ काढली, मशीन पुन्हा सुरू केलं, बारा वाजून पाच मिनिटांनी जुळवणी लावली. सव्वाबारा वाजले. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. मशीन चालूच राहिलं. साडेबाराला सूची तयार होती.

"घ्या! एवढ्यासाठी माझा भाऊ दोन महिने डोकं फोडत बसला होता. कुणी करून ठेवलं होतं हे?"

"मी, आत्या."

"तू कशी? तू तर इथे नव्हतीस."

"फोनवरून," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य कुठून सुरू करावं ते तिला कळेना. चूक विचारणाऱ्या प्रोग्रॅमची होती, रिकाम्या जागेची, पहारेकऱ्याची, की दोन महिन्यांत एकदाही 'थांबा, बघते' न म्हणण्याची? एक धरलं की दुसरं सुटत होतं.

आत्याने तिच्याकडे पाहिलं. काय समजली, कुणास ठाऊक. खुर्ची जवळ ओढून ती म्हणाली, "ते मग सांग. आधी पाठव. ते लोक थांबलेत."

पाठवण्याआधी तिने पहिलं पान तपासायला घेतलं. एकेक शब्द, एकेक पान. तिसऱ्या ओळीत तिला पुढचं दिसेना, तेव्हा आत्या मोठ्याने वाचू लागली.