काचेतून गेलीस

“बाबा, एक तरी असेल ना हो?” मी निगेटिव्हचा आणखी एक डबा पालथा घातला. आईचा तेरावा उद्यावर आला होता आणि भिंतीवर लावायला तिचा फोटोच नव्हता. लग्नातल्या फोटोत मान खाली. मतदार कार्डावर आहे म्हणा, पण ती कोणीही बाई असू शकते.

कमाल बघा! आमचे बाबा म्हणजे कसब्यातले सीताराम फोटोग्राफर. अर्ध्या पुण्याचे फोटो यांनी काढले आणि घरची बाई राहून गेली. हिंजवडीच्या ऑफिसातून रजा काढून मी तेच शोधत बसले होते. मला त्यांचा संताप आला होता.

नव्वदनंतर लक्ष्मी रस्त्यावर काचेची शोरूम धडाधड उघडली आणि बाबांना शोकेसचे फोटो काढायची कामं मिळू लागली. काचेत अख्खा रस्ता दिसायचा, म्हणून त्यांनी पोलरायझर फिल्टर घेतला. काउंटरच्या काचेकडे बघत एकेक फिल्टर डोळ्याशी फिरवून, दुकानदाराचं डोकं खाऊन निवडला. तो लेन्सवर चढवायचा, काचेशी तिरपं उभं राहायचं आणि हळूहळू फिरवायचा. काचेतलं प्रतिबिंब विरत जातं. आई पलीकडे उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना थोपवायची. काचेत शेवटी तेवढी तीच उरायची.

“गेले का मी?” ती विचारायची.

“गेलीस,” बाबा म्हणायचे आणि बटण दाबायचे.

वर्षानुवर्षं हेच. आम्ही हसायचो त्याला. आता तो शब्द नको वाटतो.

“पितळी भांड्यांच्या दुकानाचा बघ,” बाबा एकदम म्हणाले. “परत आला होता तो.”

सापडला. शोकेसमध्ये भांड्यांची उतरंड. काच इतकी स्वच्छ, की नाहीच वाटावी. आणि मधल्या घागरीच्या पोटात आई. थोडी वाकडी, पदर खोचलेला, हात आडवा, तोंडभर हसणारी.

“धातूवर फिल्टर चालत नाही,” बाबा म्हणाले. “तिला सांगितलं मी, काचेतून गेलीस, घागरीत आहेस. म्हणाली, राहू दे की, कोण बघतंय! मालकानं बघितलं. ‘आम्ही भांडी विकतो, बायका नाही,’ म्हणाला. घरी येऊन मी चिडलो तिच्यावर.”

सकाळी तेवढाच तुकडा मोठा करून आणला. दाणे उठलेले, पण आईच. फ्रेम भिंतीवर लावली, तर काचेत खिडकी चमकायला लागली. चेहराच दिसेना. बाबा आत जाऊन फिल्टर घेऊन आले. भिंतीशी तिरपे उभे राहिले, डोळ्याला लावून फिरवत राहिले. जुना शब्द आता येणार म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते.

“आहेस,” बाबा म्हणाले.