गालातली चिमूट

इस्त्रीवाल्या सासूबाईंच्या गालात तंबाखूची चिमूट नसली, तर दुकान उघडलंच नाही असं समजायचं. तरुणपणी दाढ दुखते म्हणून धरलेली सवय. दाढ केव्हाच पडून गेली, चिमूट मात्र मुक्कामाला राहिली.

मग तोंड झोंबायला लागलं. गरम घास जाईना. सुनेने हाताला धरून त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. बाईंनी त्याचा तुकडा तपासून घेतला.

"कॅन्सर नाहीये. पण तंबाखू चालू राहिली तर होऊ शकतो. सोडलीत तर चट्टा जाईलही. मेंदूला निकोटीनची चटक लागलीय, तो भांडेल. त्यासाठी गोळ्या देते."

"माझ्याशी भांडून कोण जिंकलंय?" सासूबाई म्हणाल्या. सुनेने मनापासून मान डोलावली.

पण मेंदूने त्यांना सळो की पळो करून सोडलं. डोकं ठणकायचं, झोप उडाली, वकिलांच्या पांढऱ्या शर्टावर इस्त्रीचा डाग उठला. त्या अशा खेकसायच्या की गिऱ्हाइकं कपडे न घेताच परत जायची. शेवटी शेजारच्या घड्याळवाल्याला दया आली. त्याने डबी पुढे केली.

"ताई, एवढीशी घ्या. किती हाल करून घेताय जिवाचे!"

चिमूट बोटांत आलीसुद्धा. ओळखीचा वास आला, तोंडाला पाणी सुटलं. सुनेचा इस्त्रीवरचा हात थांबला आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली.

सासूबाईंनी बोटं झटकली. "गोळी दे गं. आणि अशी बघू नकोस, रडू येतं मला."

पुढे एकदा पाय घसरलाच. तेही त्यांनी आपणहून सुनेला सांगून टाकलं आणि पुन्हा कंबर कसली.

वर्ष सरता सरता डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तोंडात दिवा फिरवला, परत फिरवला.

"चट्टा गेला!"

"नीट बघा, दुसऱ्या गालात असेल."

"कुठेच नाही. तपासायला मात्र येत राहायचं हं."

सासूबाई तडक बाहेर गेल्या आणि रांगेतल्या पेशंटांपुढे आ वासून उभ्या राहिल्या. "बघा! लख्ख!"

"आई, चला ना!" सून लाजून अर्धी झाली. मग तिलाही हसू आवरेना.

रस्त्यावर येताच सासूबाईंनी ओठांचा चंबू केला आणि अशी खणखणीत शीळ घातली की दोन सायकलवाले मागे वळले.

"आई! तुम्हाला शीळ येते?"

"कधीची! तोंडात बोळा कोंबून वाजणार कशी?"