समुद्राकडे पाठ

माझ्या सासरच्या माणसांना समुद्र दाखवणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता! धरणगावहून एवढं लांब कोकणात आलो, तर गाडीच्या टपावर काय? भरिताची वांगी आणि ती भाजायला कपाशीच्या काड्या.

"बाहेरनं काही खावानं नही," माझ्या नवऱ्याने, प्रेमराजने, फर्मान काढलं. "बठ्ठास्ले मासाना वास." किनाऱ्यावर आंबोळी होती, सोलकढी होती, वाफाळते उकडीचे मोदक होते. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याने माशांचा वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावला.

सासूबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्यांची सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. पुन्हा असा प्रवास काही होणार नव्हता. त्यांचं मागणं एकच.

"माले फक्त समुद्रमा पाय वल्ला करना शेतस."

"आधी भरीत होऊ दे, अक्का," प्रेमराज म्हणाला. "समुद्र काय पळी जास का?"

आमच्याकडे भरीत भाजायचं-ठेचायचं काम पुरुषांचं. त्याचा तोरा वर्षभर मिरवतात. पण इथे विस्तव पेटतो न पेटतो तोच दीर गिरधरला पाण्यात पिवळी रबरी होडी दिसली, केळ्याच्या आकाराची. जन्मभर केळीच्या बागेत राबलेली माणसं रबरी केळ्यावर बसायला धावली! मग घोडागाडी, मग उंट. शी! बघवत नव्हतं.

वांगी आली आमच्या गळ्यात. वारा समुद्राकडून. विस्तव विझू नये म्हणून आम्ही दोघी आडोसा करून समुद्राकडे पाठ फिरवून बसलो. लाटा नुसत्या ऐकायच्या आणि डोळ्यांत धूर. अक्कांनी वांगी सोलली, मी ठेचली, मग पुऱ्या तळल्या. माशाला नाक मुरडणाऱ्यांच्या तेलाचा वास किनाराभर सुटला.

पुरुष आले, हादडले, ढेकर दिले. उष्ट्या पत्रावळ्या तिथेच वाळूत फेकल्या. लाट आली आणि उरलंसुरलं भरीत पाण्यावर तरंगायला लागलं. शेजारची खानावळवाली आमच्याकडे बघत होती, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चाला, बठ्ठा गाडीमा बसा," प्रेमराज ओरडला. "आते थेट घर."

"आणि अक्कांचे पाय?" मी विचारलं.

"पुढला साल येऊत ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अक्का मात्र काळे झालेले हात बघत उठल्या.

"हात धोई येस."

"नळ तिकडे शे, अक्का!" प्रेमराजने बोट दाखवलं.

अक्का नळाकडे गेल्याच नाहीत. वाळूत पाय रुतत होते, मी त्यांचा दंड धरला. पहिल्याच लाटेने लुगड्याचा काठ भिजला. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि थुंकल्या.

"काय खारं शे वो!" असं म्हणून आणखी आत शिरल्या.

मागून हॉर्न वाजायला लागला. प्रेमराज हातवारे करत आला, बूट भिजतील म्हणून कोरड्या वाळूतच थांबला. "अक्का, उशीर व्हई ऱ्हायना!"

अक्कांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"थांब ना," त्या म्हणाल्या, "गाडी काय पळी जास का?"