पुढच्या चाकासाठी आणलेली डबी

उतारावर चाक मध्येच अडकलं तर? या प्रश्नानं एका आईची झोप उडवली, म्हणून मी या घरात आले. एरवी मला कोण विचारतं! मी ग्रीसची एक छोटी डबी. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, फळीवर, एक उडालेला बल्ब आणि एक वाळून कडक झालेला रंगाचा ब्रश यांच्या मधे माझा मुक्काम असतो. दोघंही फारसं बोलत नाहीत.

माझा जन्म कारखान्यातल्या एका मोठ्या कढईत झाला. तेल आणि एका जातीचा साबण एकत्र शिजवून, घोटून मला केलं. नुसतं तेल वाहून जातं. साबण त्याला धरून ठेवतो. मला डबीत भरलं, झाकण लागलं, आणि अंधार झाला. मग दुकानातला सगळ्यात खालचा कप्पा. लोक यायचे, पंक्चरचं सामान घ्यायचे, जायचे. माझ्यावर एवढी धूळ बसली की मी कोण, हे मलाही विसरायला झालं.

मग ही आई आली.

“सायकलच्या बेअरिंगला लावायला ग्रीस हवंय.”

“कुठलंही न्या, ताई.”

झालं! ‘कुठलंही’ ऐकून तिचा चेहरा उतरला. पाण्यानं धुऊन जाईल का? थंडीत आळतं का? पातळ बरं की घट्ट? दुकानदारानं शेवटी तीन प्रकार पुढ्यात मांडले. पांढरी पातळ ट्यूब, ट्रकवाल्यांचं काळंकुट्ट ग्रीस, आणि मधाच्या रंगाची मी.

“सायकलच आहे ना, ताई? विमान नाही ना?”

“माझी मुलगी बसते तिच्यावर.”

मागचं गिऱ्हाईक वैतागलं. “ग्रीस घेताय की जावई शोधताय?”

ती ओशाळली, पण हटली नाही. माझं झाकण उघडून तिनं मला चिमटीत घेतलं, चोळलं, बाहेरच्या नळाखाली धरलं. मी तिच्या बोटांना धरून राहिले. “हेच द्या,” ती म्हणाली. मी आतल्या आत अशी फुलले म्हणून सांगू!

मुलीला घरात भिंगरी म्हणतात. सायकल तिच्या मावसभावाची जुनी, आणि पुढच्या चाकातून सारखी खर्रर्र. मैत्रिणी चौक ओलांडून, उतारावरून पलीकडच्या मैदानात जायच्या. भिंगरीला फाटकापर्यंतच मुभा. “आवाज गेला की तूही जा,” आईनं शब्द दिला होता.

“अगं, दुकानात टाक ना,” बाबा म्हणाले. “चुटकीसरशी करून देतील.”

“आणि त्यांनी नीट आवळलं नाही तर?”

बाबांनी पेपर तोंडासमोर धरला.

आईनं गॅलरीत चाक उघडलं. बेअरिंगमधले वाटाण्याहून लहान पोलादी छर्रे रॉकेलमध्ये धुतले, जुन्या बशीत ठेवले, आणि एकेक करून माझ्यात रोवले. याचसाठी तर मी जन्मले होते. मग तिनं पाना घेतला. आवळलं. थांबली. “अजून थोडं.” पुन्हा आवळलं. “अजून जरासं. सुटायला नको.” छर्ऱ्यांना कूस बदलायलाही जागा उरली नाही. तिनं चाक फिरवलं. खर्रर्र.

“ग्रीसच चुकलं,” ती पुटपुटली. “मला मेलीला काही निवडताच येत नाही.”

अहो, ग्रीस नाही चुकलं! पण मला तोंड कुठे? दोन प्रकारचं ग्रीस मिसळलं तर बिघडतं, असं तिनं वाचलं होतं. म्हणून चिंधीनं मला कानाकोपऱ्यातून पुसून काढलं. पांढरी ट्यूब आली. मग काळं आलं. खर्रर्र काही जाईना, कारण दर वेळी शेवटी ते ‘अजून जरासं’ होतंच. मी फळीवरून सगळं बघत होते. आपल्याला का टाकलं हे कळावं आणि सांगता येऊ नये, याच्यासारखं एकटेपण नाही.

मैत्रिणी आधी खालून हाक मारायच्या. मग नुसता हात हलवायला लागल्या. मग वरही बघेनाशा झाल्या. भिंगरी गॅलरीत माझ्यापाशी येऊन उभी राहायची आणि अंगठ्यानं माझं झाकण दाबायची. टक्. टक्. तेवढीच आमची दोघींची करमणूक.

शेवटी आई म्हणाली, “पहिलंच बरं होतं बहुतेक.” मी पुन्हा चाकात गेले. ती आवळायला लागली, तोच आतून करपल्याचा वास आला. “दूध!” पाना टाकून ती धावली. भिंगरीनं सहज चाकाला हात मारला. चाक फिरलं. फिरतच राहिलं. आवाज नाही.

“आई! गेला आवाज!”

आई ओलं फडकं घेऊन आली आणि सवयीनं पाना उचलला. “थांब हं, अजून जरासं...”

“नको ना गं!”

तिचा हात तिथेच थांबला. तिनं चाक कानाशी धरून फिरवलं. “म्हणजे इतके दिवस... मीच?” तिनं माझ्याकडे पाहिलं. माफीबिफी काही नाही. हसली मात्र खरी. मग छर्ऱ्यांवर आवळायचा आतला भाग होता तिथेच धरून तिनं नुसतं वरचं नट बसवलं, चाक सायकलला लावलं, आणि मला फळीवर ठेवलं.

भिंगरी खाली फाटकाशी चकरा मारायला लागली. आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. पूर्वी खर्रर्र ऐकू आलं की पोर कुठे आहे ते तिला कळायचं. आता काहीच कळेना. विळी तशीच सोडून ती गॅलरीत आली.

“आहेस ना गं?”

“इथेच आहे!”

मी आता निम्मी चाकात आहे, निम्मी इथे. इथल्या निम्मीला पुन्हा कोण कधी उघडेल, माहीत नाही. तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी डबी पडून असेल. तिला रोज विचारू नका, पण झाकण तेवढं घट्ट लावा. एकटं राहणं सोसतं. आत रेतीचा कण गेला की मात्र आम्ही कामातून जातो.

खालून भिंगरीनं विचारलं, “जाऊ ना मैदानात?”

आईनं कठडा धरला. “जा,” ती म्हणाली. “सावकाश. उतारावर ब्रेक धर. आणि अगं, आता मला ऐकू तरी कशी येशील तू?”

भिंगरीनं एक पाय जमिनीवर टेकवून विचार केला.

“चौकापर्यंत घंटी वाजवत जाते,” ती म्हणाली. “पुढे मात्र तुझी तू राहा हं.”