कदाचित

"आत कोणी आहे का?" तेविसाव्या दारावर टकटक करून काकांनी विचारले, कान देऊन ऐकले आणि मगच दार उघडले.

"काका, माणसं कालच घरी गेली," मैला ओढणाऱ्या टँकरचा ड्रायव्हर ओरडला. "आत भूत जरी असलं तरी मोकळं होऊन गेलं असेल!"

काका हसले नाहीत. मोठ्या कार्यक्रमांना मैदानावर फिरती शौचालये पुरवायची, हे त्यांचे बावीस वर्षांचे काम. किती गर्दीला किती लागतील, वारा कुठून वाहतो, बायकांची रांग कुठे वळवायची, सगळे तोंडपाठ. पाहुण्यांना मात्र ते "कार्यक्रमांचं बघतो" एवढेच सांगत. जेवताना कोणाला खरे सांगणार?

ही टकटक अलीकडची, चार वर्षांची. त्या वर्षी याच मैदानावरच्या धावण्याच्या शर्यतीत एका दाराची कडी लाल दाखवत होती. लाल म्हणजे आत माणूस. पण ती कडी मुळातच खोडकर, आत कोणी नसतानाही लाल होऊन बसायची. लोक दार ओढून खिळखिळे करतील म्हणून काकांनी न उघडताच त्यावर 'नादुरुस्त' असा कागद चिकटवला. मग तिकडे कोणी फिरकलेच नाही. तीन तासांनी आवरताना त्यांनी कडी बाहेरून फिरवली, तर आत एक धावपटू बसल्या जागी गेलेला. हृदय बंद पडले होते. लवकर कळले असते तर कदाचित, असे डॉक्टर म्हणाले. ते 'कदाचित' काकांच्या मानगुटीवर बसले. कागद त्यांनी खिशात घातला आणि चौकशीत तोंड उघडले नाही.

तेव्हापासून रिकाम्या दारावर टकटक केली की कधीकधी आतून उत्तर यायचे. दोनदा, हळू. बायकोला सांगितले, तर ती म्हणाली, "कान तपासून घ्या." कान ठणठणीत निघाले.

"इथलं कोण बघतं?" मागून आवाज आला. तिशीची एक बाई उभी होती.

"मीच. बोला ताई."

"चार वर्षांपूर्वी शर्यतीत गेले ना, ते माझे बाबा."

काका एक पाऊल मागे सरले.

"भांडायला नाही आले," ती म्हणाली. "आई शेवटच्या रेषेपाशी त्यांची वाट बघत होती. दहाला ती जरा चहा प्यायला गेली. तिला वाटतं, बाबा तेवढ्यात आले, ती दिसली नाही, म्हणून एकटेच इकडे वळले. मी जागेवर असते तर सावरलं असतं, हेच धरून बसलीय. चहा सोडला, बोलणं सोडल्यासारखंच आहे. ते आत कधी गेले, कोणालाच ठाऊक नाही का हो?"

ठाऊक होते. जगात एकट्या काकांना. गप्प बसले तर नोकरी राहणार होती, आणि तिची आई न केलेला गुन्हा डोक्यावर घेऊन मरणार होती.

"साडेनऊच्या आधी," काका म्हणाले. "साडेनऊला दार लाल होतं. मीच त्यावर नादुरुस्तचा कागद लावला. उघडून बघितलं नाही. तुमच्या आई चहाला जायच्या आधीच. त्यांची काही चूक नाही ताई. माझी आहे."

ड्रायव्हरने पंप बंद केला. मुलीचे डोळे भरून आले, पण त्यांत माया नव्हती.

"हे तिला तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी सांगितलं तर समजूत काढतेय म्हणेल. गेटपाशी गाडीत आहे."

काकांनी हातमोजे काढले. टाकीच्या नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले आणि ते तिच्यामागून चालू लागले.

गाडीच्या मागच्या सीटवर पिकल्या केसांच्या बाई बसल्या होत्या. उन्हात उभा राहिलेला हा घामेजलेला माणूस कोण, हे त्यांना माहीत नव्हते. शेजारची पर्स उचलून त्यांनी मांडीवर घेतली आणि सरकून त्याला बसायला जागा करून दिली.