मल्लव्वाची काडी

निंगप्पाच्या रानात मल्लव्वाचं झाड एकच, पण त्याची ऐट अख्ख्या बागेची होती. त्याच्या वडिलांनी, सिद्रामप्पांनी, अक्कलकोटच्या वाटेवरल्या एका बोरीची काडी आणून तिचा डोळा रानबोरीच्या खुंटावर भरून कलम केलं होतं. इतर बोरं संक्रांत सरली की पिचपिचीत होतात. ही होळीपर्यंत कडक आणि गोड. म्हाताऱ्यानं कौतुकानं झाडाला बायकोचंच नाव दिलं. पुढं रस्ता रुंद झाला, मूळ बोर गेली. आईवडीलही गेले. मल्लव्वा म्हणून जगात उरलं ते हे एवढंच झाड.

काडी मागायला लोक यायचे. निंगप्पा ओंजळभर बोरं द्यायचा, काडी कुणालाच नाही. शेजारी शेळ्या राखणारी मायाक्का एकदा म्हणाली, "अण्णा, काडी न्हाय तर न्हाय, बी लावू का?" तेव्हा तो पोट धरून हसला होता. "लाव की! रानबोरच येतीया. बियातनं जात उतरत न्हाय, अक्का."

आता त्याला स्वतःलाच मल्लव्वाची बाग करायची होती. दोन वर्षं पाणी घालघालून त्यानं रानभर रानबोरीचे खुंट वाढवले. आषाढात डोळे भरायचे तर काड्या भरपूर हव्यात, म्हणून चैत्रात त्यानं स्वतः करवत घेतली आणि झाड बुडाशी कापलं. जितकं खाली कापावं तितके फुटवे जोमदार, असा त्याचा हिशेब. फुटवे आलेही दणदणीत.

आषाढात तो काड्या काढायला वाकला, तेव्हा सोबत आलेली बायको, चंद्रिका, अडखळत म्हणाली, "अवो, पानं लई बारकी दिसत्यात. आन् काटं बगा की किती!"

निंगप्पानं एक पान उलटून पाहिलं आणि तो गोठ्याकडे धावत सुटला. कापलेला बुंधा तिथं पडला होता. त्यावर कडबा तोडत होते. त्यानं साल खरवडली. कापलेल्या टोकापासून हातभर वर कलमाचा सांधा होता, जाड कड्यासारखा. आता सगळेच जमिनीलगत डोळा भरतात, तसाच हाही असेल असं त्यानं धरलं होतं. पण सिद्रामप्पांची कंबर कामातून गेलेली, ते वाकायचेच नाहीत. त्यांनी दगडावर बसून डोळा भरला होता, गुडघ्याच्या उंचीवर. बापाला वाकता येत नव्हतं हे गावाला ठाऊक होतं. कापताना लेकालाच आठवलं नाही. सांध्याखालची रानबोर तेवढी राखली आणि मल्लव्वा मुळापासून वेगळी केली.

छाटलेल्या फांद्या कुंपणाला लावल्या होत्या. त्यानं त्या काट्यांत कोपरापर्यंत हात घातले. एकेक काडी मोडून पाहिली. कडाकडा मोडत होत्या, आत कुठंच हिरवं नव्हतं. चंद्रिका "पुरं करा, रगात लागलंय" म्हणत राहिली.

तसाच तो मायाक्काच्या पालावर गेला आणि सगळं सांगून तिच्यासमोर बसला.

"अक्का, खरं सांग. माज्या माघारी तू काडी नेली असशील की. मी काय बी म्हणणार न्हाय. पाया पडतो तुज्या. चोरली म्हण."

आयुष्यात पहिल्यांदाच तो चोरी झालेली असावी म्हणून देवाचा धावा करत होता.

मायाक्का गोंधळली. "तुमी नगं म्हणाला हुता की, अण्णा. मग कशी नेणार?"

निंगप्पाला रडू आवरेना. ती आत गेली आणि एक गाठोडं घेऊन आली. "तुमी दिलेल्या बोरांच्या बिया हायत्या. तुमी हसला म्हणून लावल्या न्हाईत, पर टाकवल्या बी न्हाईत. ह्या चालतील का?"

चालणार नव्हत्या. ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"चालतील," तो म्हणाला आणि दोन्ही हात पुढं केले. मग थेट रानात जाऊन, चंद्रिका काही विचारायच्या आत, गुडघे टेकून एकेक बी मातीत लावू लागला.